पंधरा वर्षांची वॅगन-आर: आरसी नूतनीकरणाआधी इंजिन ऑइलचा ग्रेड कसा ठरवला

गाडी मार्च २०१० ची वॅगन-आर, एफ१०डी हे जुनं १०६१ सीसीचं पेट्रोल इंजिन, मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर. मार्च २०२५ मध्ये आरसीची पंधरा वर्षं संपणार होती आणि गाडी पुढची पाच वर्षं ठेवायची असं ठरलं होतं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ऑइल बदलायची वेळ आली. सकाळी पहिल्यांदा चालू करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत यायला लागला होता. गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळत होता: "दादा, गाडी जुनी झाली, आता वीस-पन्नास टाकून द्या," म्हणजे २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल. शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं उलटं, की फुल सिंथेटिक टाका, इंजिन आतून धुऊन निघेल. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तापमानाचा पट्टा आणि त्यासमोर चार-पाच ग्रेड, पण इंजिनाचं वय त्यात कुठेच नाही.

जुनी गाडी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाची इथे गल्लत होते. ऑइलचा ग्रेड गाडीच्या वयावरून ठरत नाही, इंजिनाच्या हालतीवरून ठरतो, आणि हालत मोजता येते. मोजायला फार खर्चही येत नाही. म्हणून लगेच ऑइल न बदलता आधी मोजमाप करायचं ठरवलं.

पहिलं मोजमाप, इंजिन किती ऑइल खातं. सपाट जागा हवी. घराच्या उतारावर घेतलेलं माप चुकतं. इंजिन गरम करून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वर हेडमध्ये चढलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, मग पट्टी पुसून, पूर्ण आत घालून, पुन्हा काढून बघायचं. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटर लिहून ठेवले. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीनं पट्टी बघितली आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागतं ते मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मापाच्या प्लास्टिक पेल्यानं मोजलं. अंदाजे २५० मिली निघालं. या वयाच्या इंजिनाला २००-३०० मिली ही चिंतेची गोष्ट नाही. ५०० च्या वर गेलं तर कारण शोधावं लागतं, आणि हजाराला एक लिटर खात असेल तर कुठलाही ग्रेड त्यावर इलाज नाही, इंजिन उघडावंच लागतं.

ऑइल जातं दोन वाटांनी: जळून किंवा गळून. धूर कधी येतो यावरून जळण्याची जागा कळते, आणि नाशिककरांना त्यासाठी कसारा घाटासारखी दुसरी जागा नाही. मुंबईहून परतताना तिसऱ्या गियरमध्ये दाबून चढताना निळा धूर सतत येत राहिला तर पिस्टन रिंगांचा संशय घ्यायचा. मुंबईकडे जाताना, गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडून लांब उतार उतरायचा आणि खाली आल्यावर एकदम रेस द्यायची. त्या क्षणी निळा झोत आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड (व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचं रबर आणि ती दांडी सरकते ती नळी). कारण उतारावर सिलिंडरमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली खेचलं जातं. रात्रभर उभ्या गाडीत हेडवरचं ऑइल त्याच सीलमधून झिरपतं, म्हणून सकाळचा पहिला झोतही तेच सांगतो. मागच्या गाडीत माहितगार माणूस बसवा, आरशातून रंग नीट कळत नाही. पांढरा धूर जो गाडी तापल्यावरही जात नाही तो कूलंटचा, काळा धूर जास्त पेट्रोलचा. त्या दोन्हींचा ऑइलच्या ग्रेडशी संबंध नाही. आमच्या गाडीत चढावर काही नव्हतं, उतारानंतर हलका झोत होता.

गळतीसाठी इंजिन एकदा डिझेल-ब्रशनं धुऊन घेतलं आणि आठवड्यानं टॉर्च घेऊन बघितलं. न धुता बघितलं तर सगळंच काळं दिसतं आणि ओल कुठून सुरू झाली ते कळत नाही. जागा ठरलेल्या असतात: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, कॅम आणि क्रँकचे पुढचे सील, फिल्टरची बैठक, चेंबरचा नट. गियरबॉक्स आणि इंजिन जोडतात तिथे खालून थेंब असेल तर मागचा सील गेला, आणि त्याला गियरबॉक्स उतरवावा लागतो. इथे फक्त टॅपेट कव्हर पाझरत होतं. पॅकिंग आणि मजुरी मिळून ४०० रुपयांच्या आसपास.

त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू इनटेककडे सोडणारी छोटी झडप) काढून हलवून बघितला. चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतं. हा वाजेना. ही छोटी वस्तू चोंदली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. अनेक गाड्यांत सील बदलूनही गळती थांबत नाही ती यामुळे. दीड-दोनशे रुपयांचा भाग आहे, पण गॅरेजमध्ये स्वतःहून क्वचितच कुणी त्याला हात लावतं. आपणच सांगावं लागतं.

डिसेंबरमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचं मोजमाप, करून घेतली, ४०० रुपये. ही टेस्ट नीट झाली नाही तर आकडे फसवे येतात, म्हणून उभं राहून करून घ्या. इंजिन गरम हवं. सगळे प्लग काढायचे, एकेक नाही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा आणि इग्निशनचं कनेक्शन सोडायचं. बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, हे हमखास विसरलं जातं. हवा आत न आल्यानं मग चांगलं इंजिनही कमी दाखवतं. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे चार-पाच झटके. मारुतीच्या या पिढीच्या इंजिनांना साधारण १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे २०० पीएसआयच्या जवळ, हा नव्याचा आकडा. १२ किलोच्या खाली गेलं की काम आलं असं समजायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमधला फरक, तो एक किलोपेक्षा जास्त नको. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा टेस्ट घ्यायची: आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. आमचे चारही सिलिंडर साडेबारा ते तेराच्या दरम्यान आले. म्हणजे रिंगा ठीक, हाफ इंजिनाची, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-पिस्टनचं काम करण्याची, गरज नाही.

प्लग बाहेर आहेतच तर त्यांच्याकडे बघून घ्या. बदामी रंग चांगला. एकाच प्लगवर ओलसर काळं असेल तर ऑइल त्याच सिलिंडरमध्ये उतरतंय.

राहिला ऑइलचा दाब. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फार उशिरा लागतो, दाब जवळजवळ संपल्यावर. उन्हाळ्यात द्वारका सर्कलला पंधरा मिनिटं अडकल्यावर आयडलिंगला तो मिणमिणत असेल तर दुर्लक्ष करू नका, पण थेट जाड ऑइलही टाकू नका. प्रेशर स्विच काढून त्या जागी घड्याळाचा गेज लावून गरम इंजिनावर दाब बघता येतो. ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय मिळाला तर बेअरिंग आणि पंप ठीक आहेत. कधी कधी दोष फक्त स्विचचा निघतो. दाब खरोखर कमी असेल तर आधी चेंबरची जाळी गाळानं भरली आहे का ते बघायचं, मग बेअरिंग. जाड ऑइलनं गेजचा काटा वर जातो हे खरं, पण ज्या बेअरिंगला ऑइल कमी पोहोचत होतं त्याला ते आणखी कमी पोहोचतं.

आता ग्रेडबद्दल, कारण डब्यावरचे आकडे समजले की निम्मा गोंधळ संपतो. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, आणि त्याच्या चाचण्या नाशिकमध्ये कधीच येणार नाही अशा थंडीत होतात: स्टार्टर फिरण्याची चाचणी २०डब्ल्यूला उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूला उणे २० वर, १०डब्ल्यूला उणे २५ वर. म्हणून "नाशिकला काय थंडी, २०डब्ल्यू चालतं" हे अर्धं बरोबर आहे. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला तरी २०डब्ल्यूनं गाडी चालू होईलच. प्रश्न चालू होण्याचा नाही, चालू झाल्यावर ऑइल हेडपर्यंत किती लवकर चढतं त्याचा आहे. झीज सर्वांत जास्त होते ती त्या पहिल्या सेकंदांत. रोज सकाळी गाडी काढून कॉलेज रोडवरून सातपूरला आणि संध्याकाळी परत, एवढाच प्रवास असेल तर इंजिन पुरतं तापण्याआधीच निम्मा रस्ता संपतो. अशा वापराला १०डब्ल्यूचा फायदा खरा मिळतो.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. तिथे ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची "४०" ऑइलं एकमेकांपासून बरीच दूर असू शकतात. कंपनीच्या साइटवर त्या ऑइलचं तांत्रिक माहितीपत्रक असतं, त्यात १०० अंशांवरचा नेमका आकडा बघा. ज्याचा १४-१५ च्या आसपास आहे असं ४०, थोडं ऑइल खाणाऱ्या इंजिनाला पातळ ४० पेक्षा बरं. त्याच कागदावर व्हिस्कॉसिटी इंडेक्स असतो. साध्या मिनरल २०डब्ल्यू-४० चा ११०-१२० च्या घरात, चांगल्या सेमी-सिंथेटिक १०डब्ल्यू-४० चा १५० च्या वर. हा जितका जास्त तितकी तापमानानुसार जाडी कमी बदलते. नोॲक हा आकडा दिला असेल तर तोही वाचा. गरम केल्यावर किती टक्के ऑइल उडून जातं ते त्यातून कळतं. १५ च्या आत हवा, जितका कमी तितका चांगला. ऑइल कमी होण्याचं एक कारण हे उडून जाणंही असतं.

२०डब्ल्यू-५० ला जागा आहे, पण ती ठरावीक. कॉम्प्रेशन खाली गेलेलं, बेअरिंग सैल झालेलं, इंजिनाचं काम वर्षभर पुढे ढकलायचंय, अशा वेळी ते तात्पुरता आधार देतं. धडधाकट इंजिनात ते टाकलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो, ऑइल फिरण्याऐवजी परत चेंबरमध्ये जातं, पिकअप जड होतो आणि ॲव्हरेज पडतं. हायड्रॉलिक टॅपेट किंवा व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑइलच्या दाबानं बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात तर मॅन्युअलबाहेर जाऊच नये, तिथे ऑइलच यंत्राचं काम करतं.

डब्यावरची एपीआय खूण (ऑइलच्या दर्जाची अमेरिकन श्रेणी) हा वेगळा विषय, ग्रेडशी गल्लत नको. पेट्रोलसाठी एस अक्षरानं सुरू होणारी: एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. नवी श्रेणी जुन्या गाडीत चालते, उलट चालत नाही. सीआय-४ सारखी सी अक्षराची श्रेणी डिझेलची. १५डब्ल्यू-४० च्या अनेक डब्यांवर सीआय-४ आणि एसएल दोन्ही लिहिलेलं असतं, ते पेट्रोलला चालतं. फक्त सी श्रेणी असलेलं पेट्रोल गाडीत नको. आणि शेजारीच ठेवलेलं बाइकचं ४टी २०डब्ल्यू-५० उचलू नका, ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं. ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा अँबॅसेडर आहे त्यांना मात्र एक अपवाद सांगायला हवा: त्या इंजिनांत कॅम थेट सपाट टॅपेटवर घासतो आणि त्याला झिंक-फॉस्फरसचं संरक्षण लागतं. एसएमपासून पुढच्या पातळ ग्रेडांत, ३० आणि त्याखालच्यांत, फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर बांधलेला आहे, तेव्हा त्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० च बरं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत उलट विचार: जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरवर थर धरतो आणि मग पीयूसी अडते. "धूर बंद" म्हणून विकली जाणारी घट्ट द्रव्यं याच कारणानं टाळली.

सिंथेटिकनं सील गळतात ही भीती आजच्या ऑइलांना लागू नाही. मात्र वर्षानुवर्षं स्वस्त मिनरलवर चाललेल्या इंजिनात गाळ असतो आणि नवं स्वच्छ करणारं ऑइल तो सोडवतं. गाळानंच बुजलेली फट मग उघडी पडते. ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चनं आत बघा. धातू सोनेरी-तपकिरी दिसला तर निश्चिंत राहा. काळा चिकट थर दिसला तर फ्लश (इंजिन आतून धुण्याचं द्रव्य) अजिबात नको, सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीवर बसतात. तिथे चांगलं ऑइल टाकून पहिले दोन बदल दोन-तीन हजार किलोमीटरवर करायचे.

हे सगळं समोर ठेवल्यावर निवड सोपी झाली: मॅन्युअलच्या तक्त्यात बसणारं, एसएन श्रेणीचं, सेमी-सिंथेटिक १०डब्ल्यू-४०. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून साडेतीन लिटरचा डबा घेतला, साधारण १,४५० रुपये, पक्क्या बिलासह. फिल्टर १३०, तांब्याचा वॉशर १५. भेसळीचा धोका खरा आहे. झाकणाचं सील, झाकणावरचा आणि डब्यावरचा बॅच नंबर जुळतो का, उत्पादनाची तारीख, एवढं तिथेच बघा. आणि रिकामा डबा टाकताना त्याला भोक पाडा. भंगारातले चांगले डबेच पुन्हा भरून विकले जातात.

बदलताना इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट केलं, कडकडीत नाही. चेंबरचा नट रिंग पान्यानंच खोला, फिक्स पान्यानं त्याचे कोपरे झिजतात. झाकण उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. गॅरेजमध्ये घाई करतात आणि पाव लिटर जुनं आतच राहतं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावून हातानं फिरवायचा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पान्यानं आवळायचा नाही. वॉशर नवाच. मारुतीच्या या छोट्या इंजिनांना फिल्टरसकट जेमतेम तीन लिटर लागतं, तेव्हा आधी पाव लिटर कमीच भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, लाल दिवा लगेच विझतो ना आणि खाली थेंब नाही ना ते बघा, बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं भरा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक ऑइलचा फेस करतो आणि ते ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊन जळतं, म्हणजे नसलेला धूर आपणच तयार करतो. जुनं ऑइल नाल्यात किंवा झाडाखाली ओतू नका; ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. परवानाधारक रीसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडेच ठेवून यावं.

पाचशे किलोमीटर चालवून मग पीयूसी काढली. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्का आणि एचसी (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएम ही मर्यादा, बीएस-४ ला ०.३ आणि २००. आपली गाडी कुठल्या मापात मोजतायत ते केंद्रावर बघून घ्या. इंजिन चांगलं तापवून न्या, कन्व्हर्टर गरम नसेल तर आकडे चढतात.

आरसीचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो, त्यामुळे जानेवारीअखेर वाहन पोर्टलवर नमुना २५ भरला. मोटारीचं शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डाचे पैसे आणि पर्यावरण कर वेगळे. ते पोर्टलच दाखवतं. उशीर केला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप. एचएसआरपी नंबर प्लेट आधीच बसवून घ्या, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. तिच्या तारखेसाठी थांबण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. मग ठरलेल्या दिवशी गाडी पेठ रोडच्या आरटीओत निरीक्षकासमोर उभी करायची. सकाळी लवकर पोहोचा, बॉनेट उघडं ठेवायची तयारी ठेवा, आणि चेसिस नंबर घासून स्वच्छ वाचता येईल असा करून न्या. गंजामुळे नंबर न दिसल्यानं शेजारची गाडी त्या दिवशी परत गेली. दिवे, हॉर्न, वायपर, टायर आणि धूर, एवढं पाहिलं. नवी आरसी मार्चअखेर पोस्टानं आली.

पॅकिंग, पीसीव्ही आणि नवं ऑइल झाल्यावर पुढच्या हजार किलोमीटरला वापर १५० मिलीवर उतरला. यात ऑइलचा वाटा किती आणि दोनशे रुपयांच्या पीसीव्हीचा किती हे वेगळं करता येत नाही, पण माझा कौल पीसीव्हीच्या बाजूनं आहे. सकाळचा झोत अजून आहे, फिकट. व्हॉल्व्ह सील आत्ता बदलले नाहीत, कारण १५० मिली म्हणजे पाच हजार किलोमीटरला पाऊण लिटर, आणि तेवढं टॉप-अप परवडतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी पुढचा बदल पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. पट्टी दर दुसऱ्या रविवारी, आणि पावसाळ्यात झाकणाखाली पांढरट साय दिसली तर एकदा इगतपुरीपर्यंत गाडी चांगली तापवून आणायची. त्यानंतरही साय राहिली आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायचं. हजाराला ५०० मिलीचा आकडा ओलांडला की सील बदलायचे, तोपर्यंत हाच ग्रेड.